खाऱ्या जंगलाला पक्ष्यांचे खत

समुद्रात आणि खाडीत मासे टिपून कांदळवनात वस्तीला येणारे पक्षी त्या जंगलाला नत्र आणि स्फुरद पुरवतात. नदीचा प्रवास उलटा असतो. नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या उतारांवरून पावसाळ्यात धुपलेली माती दमणगंगेच्या खोऱ्यातून अरबी समुद्राकडे जाते आणि अन्नद्रव्येही सोबत नेते. समुद्राकडे गेलेल्या या ठेव्याचा थोडा वाटा पक्षी पंखांवरून परत किनाऱ्यावर आणतात. जगभरातील समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून दरवर्षी सुमारे 5,91,000 टन नत्र आणि 99,000 टन स्फुरद बाहेर पडते, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

तिवर, चिपी, कांदळ ही झाडे गाळावर आणि भरतीच्या पाण्यावर वाढतात, पण त्यांना अन्नद्रव्ये मुबलक मिळतातच असे नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू नत्राचा वायू करून तो हवेत सोडतात. पक्ष्यांच्या विष्ठेत नत्र मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात असते. जिवाणू त्याचा अमोनिया करतात; काही उडून जातो, उरलेला मुळांना मिळतो.

फ्लोरिडातील इंडियन रिव्हर खाडीत याचा नेटका अभ्यास झाला. पाणपक्ष्यांची घरटी असलेल्या बेटावरील कांदळ आणि घरटी नसलेल्या जागेवरील कांदळ यांची तुलना 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या बेटावर झाडांची वाढ जास्त होती, पानांत नत्रही जास्त होते. मात्र ती सकस पाने किडींनीही अधिक खाल्ली. म्हणजे खत झाडापाशी थांबत नाही. पानांतून ते अळ्यांकडे आणि गळालेल्या पाचोळ्यातून खेकड्यांकडे जाते.

खताचा अतिरेकही होतो. बगळे आणि पाणकावळे यांच्या दाट सारंगागाराखाली, म्हणजे घरट्यांच्या वसाहतीखाली, पानांवर विष्ठेचा थर बसतो, अमोनिया साचतो आणि फांद्या वाळतात. शिवाय नत्र भरपूर मिळाले की झाड मुळांपेक्षा फांद्यापानांवर अधिक खर्च करते. अशी झाडे दुष्काळात आणि वाढत्या क्षारात लवकर मरतात, हे नत्र घालून केलेल्या प्रयोगांत दिसले आहे.

ठाणे खाडीचे चित्र वेगळे आहे. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ झालेल्या या खाडीत येणारे छोटे रोहित चिखलातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. तिथेच खाऊन तिथेच विष्ठा टाकल्याने ते बाहेरून फारसे खत आणत नाहीत. असलेलेच फिरवत राहतात. त्यातच शहराच्या सांडपाण्यातून नत्र उतरत असते. पक्ष्यांचे खत पोहोचलेल्या पानांत नत्राच्या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते आणि त्यावरून स्रोत ओळखता येतो. पण सांडपाणीही तेच प्रमाण वाढवते, म्हणून ठाण्यात पक्ष्यांचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. त्यासाठी सांडपाण्यापासून दूरची, पक्ष्यांची घरटी असलेली कांदळवने निवडावी लागतात.