हुबळीचा कामण्णा आणि आमचा शिगमा

फाल्गुनाची पौर्णिमा जवळ आली की आम्हां किनारपट्टीच्या माणसांच्या कानी आपोआप ढोल घुमू लागतो. मोहोर कैऱ्यांना जागा करून देत असतो, काजूच्या बोंडांचा वास रानभर पसरलेला असतो आणि भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांतून शिगम्याचे मेळ मांडाकडे निघतात. हा उत्सव आपल्या मातीचा, अशी आमची समजूत असते. ती खोटीही नाही. पण घाट चढून वर गेले म्हणजे कळते, की ही माती आम्ही आखलेल्या हद्दीपाशी थांबलेली नाही. याच दिवसांत हुबळी-धारवाडच्या गल्ल्यांतून जो कामण्णा बसतो, तो आमच्या शिगम्याचा सख्खा भाऊ आहे.

कामण्णा म्हणजे मदन. मेदार ओणी, मराठा गल्ली अशा हुबळीच्या जुन्या वस्त्यांतून रती-कामण्णाच्या मूर्ती मांडल्या जातात. पोरे सरपण आणि गोवऱ्या गोळा करीत, खरे म्हणजे पळवीत, हिंडतात. तोंडावर हात मारून बोंब ठोकतात. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर कातडे ताणून केलेली प्रचंड जग्गलगी दुमदुमू लागते. कामण्णाचे दहन होते, त्याच्या विस्तवावर हरभरे भाजून खातात. घरोघर होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, होते. आणि पाचव्या दिवशीच्या रंगपंचमीला तर सारे शहर रंगात न्हाऊन निघते.

धारवाड जिल्ह्यातच नवलगुंद आहे. तेथील रामलिंग कामण्णा नवसाला पावतो अशी ख्याती आहे. ज्याचे मूल होत नाही तो पाळण्याचा नवस बोलतो. ज्याचे लग्न जमत नाही तो बाशिंगाचा. ज्या देवाला जाळायचे, त्याच्याचपाशी संतती मागायची, हा विरोधाभास शहाण्यासुरत्यांना चमत्कारिक वाटेल. पण या सणाचे सारे मर्म त्यातच साठवले आहे.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिसऱ्या सर्गात मदन भस्म होतो आणि चौथ्यात रती विलाप करते, हे आपण शाळेत शिकलो. मदनाला धाडले कोणी? देवांनीच. तारकासुराचा वध शिवपुत्राच्याच हातून व्हायचा होता, आणि पुत्र व्हायचा तर विरक्त शिवाच्या मनात अनुराग जागा व्हायला हवा होता. म्हणजे मदन जळाला तो सृष्टीच्या कामी आला. शिवपार्वतींचा विवाह झाल्यावर त्याला पुन्हा जीवदान मिळाले. बी मातीत गाडले जाते तेव्हाच अंकुर फुटतो, हे शेतकऱ्याला काव्य न वाचताही ठाऊक असते. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आल्यावर काळ्या रानातला शेतकरी कामण्णाला अग्नी देतो, तो पुढच्या पेरणीवर डोळा ठेवून. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’तही वसंतोत्सवाच्या गुलालाने नगर रंगले आहे आणि राणी अशोकाखाली मदनाची पूजा करीत आहे. ज्याला आपण गावंढळ धिंगाणा म्हणतो, तो राजप्रासादातही मानाने वावरत होता.

आमच्याकडे तरी निराळे काय आहे? काणकोणात शिर्षारान्नीला तीन माणसांच्या मस्तकांची चूल करून तीवर भात शिजवतात. मळकर्ण्याला शेणी उजोच्या रात्री पेटत्या गोवऱ्यांच्या ठिणग्या अंगावर झेलतात. जांबावलीला दामोदराच्या अंगणात गुलाल उधळला जातो. अग्नी, अन्न आणि रंग ही त्रयी घाटावर तीच आणि घाटाखालीही तीच. फार काय, सातासमुद्रापलीकडेही तीच जात आहे. प्राचीन रोमन लोक एप्रिलअखेर फुलांच्या देवतेचा उत्सव करीत. इंग्लंडातील खेडुत मे महिन्यात खांब उभारून त्याभोवती नाचत. तेथील कर्मठांनी १६४४ मध्ये कायदा करून ते खांब पाडले. १६६० नंतर राजसत्ता परतली आणि खांब पुन्हा उभे राहिले. वसंत ऋतूला मनाई हुकूम बजावता येत नाही.

आमच्याही शिष्टांनी शिमग्याला नाके मुरडली. अचकटविचकट शब्दांचा, स्त्रियांना होणाऱ्या उपद्रवाचा त्यांचा राग योग्यच होता. त्यास आमचे आजही अनुमोदन आहे. परंतु बीभत्स टाकताना त्यांनी बीजही टाकले. आज सुफलनाची भावना गेली आणि ध्वनिक्षेपकांचा कल्लोळ मात्र उरला. ज्या हातांनी कातडे कमावून हलगी आणि जग्गलगी घडविली, त्या हातांना आम्ही शतकानुशतके देवळाच्या पायरीखाली उभे केले. त्यांच्या तालावर मात्र नाचलो. सण जपायचा तर आधी या माणसांना मानाने मांडावर बोलवावे लागेल.

हे आज आवर्जून लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. म्हादईच्या पाण्यावरून आमचा आणि हुबळी-धारवाडचा दावा चालू आहे. लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी ठरवून दिले. तरी वाद मिटला नाही, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हादई आटली तर आमची मांडवी, आमच्या खाजणी आणि आमची राने यांचे काय होईल, ही चिंता रास्त आहे; हक्काचा थेंबही सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. पण पलीकडे पाणी मागणारा तो कोण, हेही पाहावे. १९८० च्या जुलैत मलप्रभेच्या लाभक्षेत्रातील शेतकरी पेटून उठले, गोळीबारात बळी गेले, ते याच नवलगुंद-नरगुंदच्या भागात. कामण्णापुढे पाळण्याचा नवस बोलणारा आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा माणूस एकच आहे. त्याच्याशी न्यायालयात भांडावे. त्याचा द्वेष मात्र करू नये.

आणि तो परका तरी कोठे आहे? कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी मराठी रंगभूमी गाजविली. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे धारवाडात कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. जी. ए. कुलकर्ण्यांनी धारवाडात राहूनच मराठी कथेला नवी खोली दिली. १९५६ साली नकाशावर रेघ ओढली गेली, पण ढोलाचा आवाज त्या रेघेपाशी थांबून परवाना दाखवीत नाही.

यंदा होळीला नारळ वाहताना आम्ही एवढेच मागतो: जळायचे ते वैर जळो. पाऊस दोन्हीकडे पडो, आणि घाटावरची ज्वारी नि घाटाखालचे भात सारखेच पिको.