शाळेच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग

१९८९ साली अमलात आलेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदाराची वयोमर्यादा २१ वरून १८ वर्षांवर आणली. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी त्यामुळे अवघ्या दोन-चार वर्षांत मतदार होतो. असे असूनही, ज्या शाळेत तो दिवसाचे पाच-सहा तास घालवितो, तेथील कारभाराविषयी त्याचे मत क्वचितच विचारले जाते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून लोकशाही शिकावयाची आणि व्यवहारात केवळ आज्ञापालन करावयाचे, ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे.

सेवाग्रामचा वारसा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नयी तालीम'ची कल्पना पुढे आली. आर्यनायकम दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या सेवाग्रामच्या शाळेत विद्यार्थ्यांची आमसभा भरत असे. स्वच्छता, स्वयंपाक यांसारख्या कामांसाठी मुले आपल्यातूनच मंत्री निवडीत आणि हे मंत्री आपल्या कामाचा हिशेब सभेपुढे ठेवीत. राजस्थानातील तिलोनिया येथे दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा सुरू झाल्या. तेथील बालसंसदेचे सदस्य शिक्षक वेळेवर येतात किंवा नाही यावरही लक्ष ठेवीत.

कायद्यातील स्थान

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये बालहक्क संहिता संमत केली व भारताने १९९२ मध्ये ती स्वीकारली. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा बालकाचा अधिकार तिच्या १२ व्या कलमाने मान्य केला असून, वय व परिपक्वता लक्षात घेऊन त्या मताला योग्य महत्त्व द्यावे, असे म्हटले आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. केंद्राच्या नमुना नियमांनुसार उरलेल्या जागांपैकी एक-तृतीयांश जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञ 'किंवा' शाळेतील मुले यांच्यासाठी आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व मिळणे निश्चित नाही. शिवाय हा कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटापुरता आहे. म्हणजे ज्या वयात समज वाढते, त्याच वयाचे नववी-दहावीचे विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

कोणते निर्णय, कोणत्या रीतीने?

शिक्षकांच्या नेमणुका, वेतन किंवा परीक्षेतील गुणदान यांचे निर्णय विद्यार्थ्यांवर सोपविता येणार नाहीत. परंतु ग्रंथालयाची वेळ, गृहपाठाचा भार, सहली, शिस्तीचे नियम, पिण्याचे पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहांची स्थिती या बाबतींत त्यांच्याइतकी प्रत्यक्ष माहिती दुसऱ्या कोणास नसते. स्वच्छतागृहाला कडी नाही, ही गोष्ट वार्षिक तपासणीत कदाचित सुटेल. ते रोज वापरणाऱ्या मुलीच्या नजरेतून ती सुटत नाही.

बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मुलांना केवळ शोभेसाठी किंवा नावापुरते पुढे करणे या पायऱ्यांत मोडते. अनेक ठिकाणची शालेय मंत्रिमंडळे शपथविधीनंतर प्रार्थना व परिपाठ यांपलीकडे जात नाहीत, याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्गप्रतिनिधी शिक्षकांनी नेमण्याऐवजी गुप्त मतदानाने निवडावेत. केवळ हुशार विद्यार्थीच निवडले जाणार नाहीत आणि मुलींनाही प्रतिनिधित्व मिळेल, अशी व्यवस्था असावी. ठराविक मुदतीने सभा व्हावी व तिचे इतिवृत्त ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक सूचनेला उत्तर मिळावे. सूचना अमान्य झाली, तर तिचे कारण सभेत सांगावे. कारण समजले की नकारही मुले समंजसपणे स्वीकारतात. उत्तरच न मिळाल्यास मात्र बोलण्यात अर्थ नाही, हाच धडा ती घेतात आणि पुढे तोच धडा घेऊन मतदार होतात.