रक्तात साखर नॉर्मल, तरी मेंदू उपाशी?

ग्लुकोज पेशीत आपोआप शिरत नाही. त्यासाठी प्रथिनांची दारं लागतात. ती बनवणारी जनुकं जवळपास प्रत्येक पेशीत असतात, पण कुठलं चालू असेल हे अवयवागणिक बदलतं. स्नायू आणि चरबीतलं ग्लुट-४ इन्सुलिनचा इशारा मिळाल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर येतं (चालताना स्नायूंत इन्सुलिनशिवायही येतं, म्हणून तर डॉक्टर चालायला सांगतात!). मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या ग्लुट-१ला मात्र इन्सुलिनची गरज नसते. त्याच्याच जनुकात बिघाड असेल, तर रक्तातली साखर नॉर्मल दिसते आणि बाळाला झटके येतात. १९९१ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. मणक्यातलं पाणी तपासलं की त्यात साखर कमी सापडते. अशा मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरपूर स्निग्ध, अगदी कमी कर्बोदकांचा कीटोजेनिक आहार देतात. त्यातून बनणारे कीटोन वेगळ्या दारानं मेंदूत पोहोचतात.