परसातील कोंबड्यांचा स्वावलंबी कळप

परसातील कुक्कुटपालनासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराजा आणि बंगळूरू येथे विकसित झालेली गिरिराजा या सुधारित जातींची पिल्ले अनेक शेतकरी घेतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते आणि या जाती तिच्याहून बऱ्याच अधिक देतात. परंतु त्या भिन्न वंशांच्या संकरातून तयार झालेल्या असल्याने संकरजोम, म्हणजे अशा संकराच्या पहिल्या पिढीत दिसणारी अधिकची वाढ व काटकता, पुढील पिढ्यांत घटतो. शिवाय त्यांच्यातील खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती २१ दिवस उबवण्याची, प्रवृत्ती बरीच कमी झालेली असल्यामुळे पाळणाऱ्याला पिल्ले पुन्हापुन्हा विकत आणावी लागतात.

यावरचा उपाय म्हणजे गावरान, असील जातीच्या, सुधारित आणि उघड्या मानेच्या कोंबड्या एकत्र वाढवून प्रत्येक पिढीत त्यांच्यातील उपयुक्त गुणांची निवड करणे होय. उघड्या मानेचा गुण एका प्रभावी जनुकामुळे येतो. त्यामुळे पिसे कमी होतात, शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते आणि उन्हाळा पक्ष्याला सुसह्य होतो.

सर्व गुण सारख्या वेगाने सुधारत नाहीत. वजन मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असून पक्ष्याच्या अंगावरच दिसत असल्याने ते निवडीने लवकर वाढते, तर अंड्यांची संख्या आहार, ऋतू व आरोग्यावरही अवलंबून असल्याने हळू वाढते. कोंबडा स्वतः अंडी देत नसल्यामुळे त्याची पारख त्याच्या आई व बहिणींच्या नोंदींवरून करावी लागते, आणि त्यासाठी पायात रंगीत कडी घालून कोणती पिल्ले कोणत्या कोंबडीची आहेत हे टिपून ठेवणे आवश्यक ठरते. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून सर्वच कोंबड्यांत हा गुण वाढवण्याऐवजी मोजक्या खुडूक कोंबड्या राखून त्यांच्याखाली अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्यांची अंडी ठेवणे हितकारक असते.

निवडीइतकेच लक्ष अंतःप्रजननाकडे, म्हणजे जवळच्या नातेसंबंधातील पैदाशीकडे, द्यावे लागते. २० कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवल्यास अंतःप्रजनन प्रत्येक पिढीत सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. त्याऐवजी तीन कोंबडे ठेवले आणि त्यांचा पैदाशीत सारखा वाटा असेल, तर ही वाढ पाच टक्क्यांच्या आत राहते. ती न रोखल्यास अंडी फळण्याचे प्रमाण घटते आणि पिल्ले अशक्त निपजतात.

मात्र या साऱ्या प्रयत्नांवर एका सवयीने पाणी पडते: बाजारात सर्वाधिक भाव मिळतो म्हणून सर्वांत भरदार कोंबडा आधी विकला जातो आणि मागे उरलेल्या किरकोळ पक्ष्यांपासून पुढची पिढी निपजते. म्हणून उत्तम पक्षी पैदाशीसाठी राखून उरलेले विकणे, हाच स्वावलंबी कळपाचा पहिला नियम मानला पाहिजे.