इमारत किती वीज खाते?

सोसायटीतील सर्व घरे आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांची वर्षभराची युनिटे मिळवा, बांधकामाच्या चौरस मीटरांनी भागा. हा ऊर्जा कामगिरी निर्देशांक; जितका कमी, तितकी इमारत सरस. सौरवीज वेगळी मोजा, नाहीतर उधळपट्टी तिच्याआड लपते.

भाईंदर पूर्वेत सौर पॅनेल बसवायचे तर अडचण गच्चीची आहे. 1 किलोवॉटला सुमारे 10 चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते, रोज सरासरी 4 युनिटे मिळतात, पावसाळ्यात कमी. गच्ची एक, बिऱ्हाडे अनेक! साऱ्या घरांची गरज भागणे कठीण, सामायिक बिल मात्र नक्की उतरते.

पीएम सूर्यघर योजनेत (2024) सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. आधी जुने पंप आणि दिवे बदला, मगच पॅनेल किती ते ठरवा.