घोडनदीकाठचा फौजेचा तळ, १७६२

घोड नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. जुन्नरची कुकडी तिला पुढे मिळते. याच नदीच्या काठी ७ नोव्हेंबर १७६२ रोजी पेशव्यांच्या घरचीच लढाई झाली. एका बाजूला १७ वर्षांचे पेशवे माधवराव, दुसऱ्या बाजूला चुलते रघुनाथराव आणि त्यांना निजामाची कुमक. १२ नोव्हेंबरला आळेगाव येथे माधवराव चुलत्यांच्या स्वाधीन झाले. अशा फौजेच्या तळाविषयी काही टिपा:

• छावणी की मुक्काम? छावणी पावसाळ्यातली. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की हिवाळाभर मोहीम, आणि तळ सतत हलता, म्हणजे मुक्काम. नद्यांना उतार मिळे, शिवारात नवा कडबा असे.

• बारगीर: सरकारी पागेच्या घोड्यावरचा स्वार.

• शिलेदार: घोडा आणि हत्यार स्वतःचे. घोडा पडला तर तोटाही बहुधा त्याचाच.

• कही: वैरण, लाकूडफाटा आणायला तळाबाहेर जाणारी टोळी. फौज आपली असो वा परकी, गावाच्या गंजीला दोन्ही सारख्याच.

• बुणगे: न लढणारी माणसे, बाजार, सामानसुमान. धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवरून येई.

• निवारा: सरदारांना डेरे, राहुट्या. साध्या स्वाराला घोंगडी आणि शेकोटी.

पुढे १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला मात्र चुलते-पुतणे एकत्र लढले आणि निजामाचा पराभव झाला.