खांदा आखडतोय?

केस विंचरताना हात डोक्यामागे जात नाही, मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही; ‘फ्रोझन शोल्डर’ अनेकदा असाच लक्षात येतो. ४० ते ६० वयात, त्यातही मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो. म्हणून रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

दुखतो म्हणून हात हलवायचाच बंद केला, तर खांदा आणखी आखडतो. त्यापेक्षा चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि अंग हलवून तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यावा. झोका अंगाचा हवा, हाताचा जोर नको. इथेच बहुतेकांचे चुकते. मग बोटे भिंतीवरून हळूहळू वर चढवावीत. ताण जाणवला की थांबावे, कळ सोसू नये. पडल्यानंतर हात उचलतच नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.